वाढत्या मापाची रायफल

ईरा, निहार, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही माझ्या पाठीमागचं राखाडी लोखंडी कपाट पाहिलंत आणि त्यात काय आहे ते विचारलंत. मी खरं ते सांगितलं. पुण्याहून तुमची आई लगेच म्हणाली, "आई, कशाला मुलांना!" निहारला जाणून घ्यायचं होतं की आजीकडे मुळात रायफल कशाला. ईराने मात्र वेगळंच विचारलं, "इतक्या प्रकारच्या असतात, मग हीच का घेतली?" मला ईराचा प्रश्न जास्त आवडला, कारण मी चौदा वर्षांची असताना आमच्या घरात तो एकच प्रश्न तीन महिने जेवणाच्या टेबलावर मुक्कामाला होता. त्याचं उत्तर दिलं की निहारचंही आपोआप मिळेल, म्हणून हे प्रकरण त्यावरच लिहिते.

आम्ही तेव्हा मिशिगनच्या उत्तरेकडच्या एका छोट्या गावात राहत होतो. मी आता राहते त्या ॲन आर्बरपासून गाडीने चार तास वर. एक मोठा रस्ता, दोन चर्च, एक शाळा, एक लहानसं हॉस्पिटल आणि बाकी सगळी झाडंच. त्या हॉस्पिटलात माझे बाबा एकटेच सर्जन होते. बाबा नागपूरचे, आई पुण्याची. बाबांच्या बोलण्यात "काय करून राहिली" असायचं आणि ते ऐकलं की आईची भुवई किंचित वर जायची. इतक्या वर्षांच्या संसारात ती भुवई खाली यायला शिकली नव्हती. मी आठ वर्षांची असताना आम्ही तिथे आलो. शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रजी, म्हणून आई रोज संध्याकाळी माझ्याकडून एक पान मराठी लिहून घ्यायची. विषय कोणताही चालेल, पण पान भरलं पाहिजे. आज तुम्हाला हे वाचता येतंय ते त्या पानांमुळे.

आई मांस खात नव्हती आणि बाबांना त्याशिवाय रविवार हा रविवार वाटत नव्हता. तडजोड अशी होती की तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, एक दोन बर्नरची शेगडी ठेवलेली होती आणि बाबांचा रस्सा तिथे व्हायचा. करायची मात्र आईच. काळा मसाला ती स्वतः भाजायची. नागपूरच्या आत्याने पत्रातून पाठवलेली कृती तिला पाठ होती. पण चव घ्यायची नाही हा तिचा नेम, म्हणून मीठ बघायचं काम माझं. शाळेचा अभ्यास करत मी वरच्या पायरीवर बसायची, कुकरची दुसरी शिट्टी झाली की खालून हाक यायची, "मीनू, मीठ!" मी खाली जाऊन पळीतला थेंब तळहातावर घ्यायची आणि निकाल द्यायची. इतक्या लहान वयात मला घरात दुसरा कोणताही अधिकार नव्हता, त्यामुळे तो मी फार गांभीर्याने वापरत असे.

अडचण मटणाची होती. त्या गावात बोकडाचं मटण कुठून मिळणार? तीन तास गाडी हाकून आणायचं, फ्रीजरमध्ये भरायचं आणि महिनाभर पुरवायचं. मग एका हिवाळ्यात बाबांनी व्हर्न काकांचं पित्ताशय काढलं. व्हर्न काका म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणारे, आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारा सरकारी नांगर चालवून निवृत्त झालेले, दाराएवढे उंच गृहस्थ. आम्ही त्यांना काका म्हणायचं हे आईने ठरवलं होतं, आणि काका म्हणजे काय हे कळल्यावर त्यांनी स्वतःची ओळखही तशीच करून द्यायला सुरुवात केली होती. बरे झाल्यावर त्यांनी पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं हरणाचं मांस आणून दिलं. आईने ते तळघरात शिजवलं. बाबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सुधा, हे तर गावाकडचं आहे." त्यानंतर दर वर्षी शिकारीच्या हंगामात व्हर्न काकांची पुडकी येत राहिली. चौथ्या वर्षी बाबांना त्याचा संकोच वाटायला लागला. दुसऱ्याच्या हातचं किती वर्षं खायचं? आपणही जंगलात जायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि ते ठरवल्याचं त्यांनी आईच्या आधी मला सांगितलं.

तुम्हाला विचित्र वाटेल, पण तिथे यात विचित्र काहीच नव्हतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी शाळेला सुट्टी असायची, कारण नाहीतरी अर्धे मास्तर जंगलातच असायचे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींनी अग्निशमन दलाच्या इमारतीतला सुरक्षिततेचा वर्ग केला होता. तो वर्ग व्हर्न काकाच घेत. बाबा आणि मी शेजारी शेजारी बसून तो वर्ग केला. परीक्षेत मला बाबांपेक्षा दोन गुण जास्त पडले, हे इथे नोंदवून ठेवते. चौदाव्या वर्षी मोठ्या माणसाबरोबर मला जाता येत होतं. आता राहिली आई.

आईने नाही म्हटलं नाही. तिने अट घातली. पोळी लाटता लाटता, वर न बघता. "ती बंदूक हिला पेलत असेल तर जाऊ दे. नुसतं तुमच्या मागे मागे थंडीत कुडकुडायला ती जाणार नाही. आणि घरात एकच बंदूक येईल. दोन नाही."

म्हणजे एकच रायफल, जी बाबांना चालेल आणि मलाही. त्या दिवसापासून कोणती घ्यायची यावर माझं जाणं अवलंबून होतं, आणि मला जायचं होतं. का जायचं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. शिकारीचं मला फार अप्रूप नव्हतं. पण बाबा पहाटे हॉस्पिटलला जायचे आणि दमून परत यायचे. एक अख्खा दिवस ते कुणाच्या पोटात हात न घालता माझ्याशेजारी झाडाला टेकून बसतील, ही कल्पनाच मला पुरेशी होती.

आता ईराचा प्रश्न. रायफल हलकी हवी यावर बाबांचं आणि व्हर्न काकांचं एकमत होतं. बाबा उंचीने पाच फूट चार इंच, मी त्याहून कमी. दिवसभर खांद्यावर घेऊन बर्फातून चालायचं तर प्रत्येक पौंड जाणवतो. शिवाय ती सगळ्या कामांना चालणारी हवी, कारण दुसरी येणार नव्हती. प्रश्न होता कॅलिबरचा. कॅलिबर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीची रुंदी, इतकी साधी गोष्ट. पण व्हर्न काकांनी एका संध्याकाळी कोटाच्या खिशातून रिकामी काडतुसं काढून आमच्या टेबलावर रांगेत उभी केली, तेव्हा मला कळलं की ही माणसं साधी गोष्ट साधी ठेवत नाहीत. एकाचं नाव टू-सेव्हंटी, आणि त्याची गोळी मोजली तर भरते इंचाचे दोनशे सत्याहत्तर सहस्रांश. एकाचं नाव थर्टी-ऑट-सिक्स. त्यातले तीस म्हणजे शतांश इंचात रुंदी आणि सहा म्हणजे अमेरिकी लष्कराने ते घेतलं ते साल, एकोणीसशे सहा. एकाचं माप मिलिमीटरमध्ये, सात बाय सत्तावन्न, त्यात सत्तावन्न ही काडतुसाची लांबी. टू-फॉर्टी-थ्री म्हणजे तर रांगेतल्या थ्री-ओ-एटचंच पितळी नळकांडं, फक्त मान आवळून बारीक केलेलं. घराण्यांसारखं होतं ते सगळं. कोण कुणाचा चुलत, कुणाची मान कुणावर गेलेली. मला त्या रांगेचं वेडच लागलं. शाळेतून आले की मी ती काडतुसं उंचीप्रमाणे लावायची, मग रुंदीप्रमाणे, मग नात्याप्रमाणे. आई पानं घ्यायला आली की म्हणायची, "उचला आता तुमचं वऱ्हाड, जेवायला बसायचंय."

बाबांचं मन मात्र पहिल्याच दिवशी रांगेतल्या सगळ्यात धिप्पाड काडतुसावर बसलं होतं. थ्री हंड्रेड मॅग्नम. कमरेला पट्टा बांधलेल्या पहिलवानासारखं दिसणारं. व्हर्न काका म्हणाले, "डॉक, इथल्या हरणांना याची गरज नाही." (ते इंग्रजीतच बोलत, मी मराठीत लिहिते आहे.)

"इथल्या नाही," बाबा म्हणाले, "पण उद्या आपण पश्चिमेकडे गेलो, तिकडे ते सांबराएवढं एल्क असतं. कॅनडात त्याहून मोठं मूस. अस्वल."

"अस्वल आलं तर तुम्ही पळायचं," आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. "त्याला कॅलिबर लागत नाही."

"तसं नाही सुधा. एकदाच घ्यायची आहे ना? मग पुढचं बघून घ्यावी."

पुढचं बघून घ्यायचं, हा आमच्या घरातला कायदा होता. मी अमेरिकेत आले तेव्हा घेतलेला माझा कोट दोन मापांनी मोठा होता आणि तीन हिवाळे मी तो बाह्या दुमडून घातला. बूट घेताना पुढे कापूस. आम्ही तीन माणसं, पण टेबल आठ जणांचं. वाढत्या अंगाचं घेतलेलं वाया जात नाही, यावर एरवी कशावरही एकमत नसलेल्या आईचं आणि बाबांचं पूर्ण एकमत होतं. आता मागे वळून बघताना वाटतं की परक्या देशात उद्याची खात्री नसलेली माणसं उद्याची मापं घेऊन ठेवतात. पण तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की बाबा रायफलही वाढत्या अंगाची घेत आहेत, आणि ती मला पेलणार नाही.

म्हणून मी तक्ता केला. आलेखाच्या कागदावर, पट्टीने रेघा मारून. डावीकडे सात कॅलिबरं, वर रकाने: गोळीचं वजन, वेग, किती अंतरावर किती खाली येते, काडतूस गावच्या दुकानात मिळतं का, आणि धक्का. शाळेत आम्हाला नुकतंच शिकवलं होतं की गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने रायफल मागे येते. रायफल जितकी हलकी तितकी ती जास्त वेगाने मागे येणार. म्हणजे बाबांना हव्या असलेल्या दोन गोष्टी, हलकी रायफल आणि धिप्पाड काडतूस, एकमेकींच्या वैरिणी होत्या. हे मला स्वतःच्या आकडेमोडीत सापडलं, तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. हेही सांगायला हवं की त्या तक्त्यात मी चोरी केली. बाकी रकान्यांना एक पट गुण आणि धक्क्याला तीन पट. त्यामुळे टू-फॉर्टी-थ्री, सगळ्यात सौम्य, पहिलं आलं. मी तक्ता बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो पुन्हा पुन्हा वाचला, "अक्षर सुंदर आहे," असं म्हणाले आणि शनिवारी जाऊन थ्री हंड्रेड मॅग्नम घेऊन आले. साडेसहा पौंडांची, सुंदर अक्रोडी दस्त्याची, दुर्बीण लावलेली.

गावाबाहेर वाळूच्या खाणीत नेमबाजीची जागा होती. लाकडी बाकं, समोर शंभर यार्डांवर कागदी लक्ष्यं, मागे वाळूचा डोंगर. बाबांनी पहिली गोळी झाडली. आवाज कानांवरच्या टोप्यांमधूनही छातीत लागला. रायफल मागे आली आणि दुर्बिणीची कड बाबांच्या भुवईवर बसली. तिथे बरोब्बर चंद्रकोरीसारखी जखम झाली. मग मी एक गोळी झाडली. एकच. दुसरी झाडायला मी तयार होते, पण हात तयार नव्हता. संध्याकाळी आईने माझ्या खांद्यावरचं जांभळं वर्तुळ पाहिलं आणि म्हणाली, "पेलत नाही. विषय संपला."

"सवय होऊन जाईल तिला," बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षीपर्यंत खांदा भरेल."

"मग पुढच्या वर्षी जाईल."

मी पायरीवर जाऊन बसले. हंगामाला दोन आठवडे राहिले होते.

सोमवारी बाबा भुवईवर पट्टी लावून हॉस्पिटलला गेले आणि कुणी विचारलं तर कपाटाचं दार लागलं असं सांगू लागले. पुण्यात किंवा नागपुरात कुणीही विश्वास ठेवला असता. त्या गावात लहान मुलालाही माहीत होतं की भुवईवरची चंद्रकोर कशाने उमटते. नर्स, रोगी, रस्ता झाडणारा, सगळे फार सहानुभूतीने म्हणत, "दारं वाईटच असतात, डॉक." माझ्या शाळेत एका मुलाने मला विचारलं, "तुमच्या कपाटाचं दार कोणत्या कॅलिबरचं आहे?" मला हसूही आलं आणि राग पण आला. घरी मी काहीच बोलले नाही. बाबांना वाटत होतं की कुणाला कळलेलं नाही, आणि आईने आणि मी ते तसंच राहू दिलं.

पुढच्या शनिवारी पुन्हा खाणीत गेलो. मी नुसती बघायला. बाबांच्या गोळ्या कागदाच्या चारही कोपऱ्यांत जात होत्या, मधे एकही नाही. ज्या हातांनी ते केसाएवढा टाका घालत त्या हातांना कागदाचा मध्य सापडत नव्हता, आणि त्यांना ते समजत नव्हतं. त्यांनी दुर्बिणीला दोष दिला. मग काडतुसांना. व्हर्न काका म्हणाले, "डॉक, आता मी भरून देतो. तुम्ही फक्त समोर बघा."

मी डावीकडच्या बाकावर होते, त्यामुळे मला दिसलं की त्यांनी खिशातून काढलेल्या काडतुसात दारू नव्हती. ते त्यांनी वर्गात आम्हाला दाखवलेलं, शिकवण्यासाठी ठेवलेलं खोटं काडतूस होतं. बाबांना ते माहीत नव्हतं. त्यांनी नेम धरला, श्वास सोडला, ट्रिगर दाबला. टक्, एवढाच आवाज झाला. आणि गोळी सुटलेली नसताना, धक्का बसलेला नसताना, रायफलीची नळी चांगली चार बोटं खाली गेली, बाबांचा खांदा पुढे आला आणि सगळं अंग आवळलं गेलं.



बाबा नळीकडे बघत राहिले. "पुन्हा," ते म्हणाले. व्हर्न काकांनी कधी खरं, कधी खोटं काडतूस भरलं. प्रत्येक खोट्याला नळी खाली गेली. चौथ्या वेळी बाबांनी रायफल बाकावर ठेवली आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "मीनू, तू बाजूने बघून राहिली होती. मी डोळे मिटतो का?"

व्हर्न काकांना भाषा कळत नव्हती, पण प्रश्न कळला असावा. ते उगीचच दूरवरच्या कागदांकडे चालत गेले. मी काहीही बोलू शकले असते. माझं काम मीठ सांगायचं. असलं काही मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"हो बाबा. दर वेळी. गोळी सुटायच्या आधी."

त्यांनी मान हलवली, एखाद्या रोग्याचा रिपोर्ट वाचल्यासारखी. "म्हणजे हात नाही भीत," ते म्हणाले. "हाताच्या आधी कुणीतरी भितं."

परत येताना गाडीत हीटर चालू होता. दोन्ही बाजूंनी पाइनची झाडं. मग बाबा म्हणाले, "तुझा तक्ता आहे का घरी?" मी म्हटलं, आहे. "त्यात धक्क्याला तीन पट गुण का दिले होते?"

त्यांनी ते त्याच दिवशी पाहिलं होतं तर. माझे कान तापले. "मला यायचं होतं, बाबा."

"मग तसं लिहायचं ना वर. रकान्याच्या आत कशाला लपवायचं?" असं म्हणून ते हसले, आठवड्यात पहिल्यांदाच. घरी आल्यावर आम्ही दोघांनी टेबलावर तो कागद पुन्हा पसरला आणि सगळ्यांना एक पट गुण देऊन नवी बेरीज केली. माझं टू-फॉर्टी-थ्री घसरलं. त्याची गोळी हलकी, लांबवरच्या मोठ्या जनावराला अपुरी. बाबांचं मॅग्नम तर तळालाच गेलं. वर आलं ते सात बाय सत्तावन्न, ज्याच्याकडे तीन महिन्यांत आम्ही दोघांनीही ढुंकून पाहिलं नव्हतं. ते कोणत्याही रकान्यात पहिलं नव्हतं, पण कोणत्याही रकान्यात शेवटचंही नव्हतं. गोळी बेताची जड, वेग बेताचा, धक्का मॅग्नमच्या निम्म्याहून कमी. जुनं, युरोपातून आलेलं, बिनबोभाट काम करणारं. आई पोळ्यांचा डबा घेऊन आली, तिने तक्त्यावर नजर टाकली आणि म्हणाली, "शेवटी मधलंच ना? पहिल्याच दिवशी मला विचारायचं." मला वाटतं तिला काडतुसांतलं काहीही कळत नव्हतं, तरी तिचं बरोबर होतं. ईरा, माझ्या कपाटातली ती हीच, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या इथे संपलं.

हरणाचंही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही त्याची वाट बघत बसणार नाही. आईने माझा खांदा तपासून होकार दिला आणि मी गेले. पहिले दोन दिवस आम्हाला खारी सोडून काही दिसलं नाही. तिसऱ्या सकाळी रायफल माझ्या हातात होती तेव्हा ओढ्यापाशी एक हरीण आलं. मी ते एका गोळीत पाडलं, आणि बाबांनी ते इतक्या स्वच्छपणे साफ केलं की शेजारच्या तळावरची माणसं बघायला आली. मला त्या जनावराचं वाईट वाटलं आणि मला आनंदही झाला. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि त्यातलं एक खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीचं, रायफल बदलायला गेलो त्या दुपारचं.

दुकान गावाच्या मोठ्या रस्त्यावर होतं. एका भिंतीला रायफली, दुसऱ्या भिंतीला गळ आणि जाळी, मधे लाकडाची शेगडी आणि तिच्याभोवती कायम चार-पाच माणसं, हातात कॉफी. हंगाम तोंडावर आलेला, म्हणून त्या दिवशी आठ-नऊ होती. त्यातल्या निम्म्यांची कुठली ना कुठली शस्त्रक्रिया बाबांनी केलेली. आम्ही आत शिरलो, बाबांच्या हातात मॅग्नमची पेटी, भुवईवर अजून खपली. प्रत्येकाने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा भुवईकडे, आणि मग फार काळजीपूर्वक आपापल्या कपात.

व्हर्न काका आमच्याबरोबर होते. माणूस भला. त्यांनी आधीच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "डॉकच्या मुलीला ही जरा जड जाते. तिच्यासाठी काहीतरी मऊ बघायचंय."

किती सोपं झालं सगळं! शेगडीभोवतीचे खांदे सैल झाले. कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं, कुणीतरी माझ्याकडे बघून हसलं. दुकानदाराने पेटी घेतली, मागच्या भिंतीवरून एक सडपातळ सात बाय सत्तावन्न उतरवली आणि बाबांना विचारलं, "मग ही छोट्या बाईंसाठी?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी फक्त मान हलवायची होती. मला राग आला नसता. मी मनातून तयारही झाले होते, माझ्या नावावर ते खपवायला. खोटं तर नव्हतंच. माझा खांदा खरोखर जांभळा होता. आणि मला जायला मिळणार होतं, ते या मार्गाने काय किंवा त्या मार्गाने काय. पण मला कळलं की त्यांनी मान हलवली तर उद्या जंगलात ते माझ्याशेजारी बसतील तेव्हाही कपाटाचं दार आमच्या मधे असेल.

"नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या त्या नागपुरी इंग्रजीत, प्रत्येक शब्द सुटा करून. "माझ्यासाठी. त्या मोठ्या रायफलीला मी घाबरतो. ट्रिगर दाबायच्या आधी मी डोळे मिटतो. माझ्या मुलीने पाहिलंय."

कुणी हसलं नाही. व्हर्न काका छताकडे बघत होते. मग शेगडीच्या पलीकडून एक म्हातारा, ज्याचा हर्निया बाबांनी दुरुस्त केला होता, वर न बघता म्हणाला, "मी अकरा वर्षं मिटत होतो, डॉक. वाऱ्याला दोष द्यायचो."

"तू अजूनही मिटतोस," दुसरा म्हणाला, आणि सगळं दुकान हसलं. त्या म्हाताऱ्याने पाय लांब करून एक रिकामी खुर्ची बाबांच्या दिशेने ढकलली.

दुकानदार रायफल बाबांच्या हातात द्यायला निघाला. बाबांनी हात मागे घेतला आणि खुर्चीवर बसत म्हणाले, "आधी तिच्याकडे द्या. ती बघत असते."